राष्ट्र कोणाचे? आयरिश साहित्यातील एक वाद

आयर्लंडचे आधुनिक साहित्य मुख्यतः इंग्रजीत बहरले. पण त्याच्या मागे इंग्रजीला दूर सारण्याची हाक होती, हे वाचकांनी प्रथम ध्यानात घ्यावे. १८९२ साली डग्लस हाइड यांनी डब्लिनच्या नॅशनल लिटररी सोसायटीपुढे व्याख्यान देऊन आयरिश जीवनावरील इंग्रजी छाप पुसण्याची गरज मांडली. पुढच्याच वर्षी गेलिक लीग स्थापन झाली. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात गेलिक बोलणारी पश्चिमेकडची गावे उपासमारीने आणि देशांतराने ओस पडली होती. त्या गावांतला साधाभोळा, धर्मनिष्ठ शेतकरी हाच राष्ट्राचा खरा चेहरा, अशी समजूत रूढ होऊ लागली.

या समजुतीला पहिला मोठा धक्का रंगभूमीवर बसला. जानेवारी १९०७ मध्ये डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरात जॉन सिंग यांचे ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ रंगले. बापाला ठार केल्याची बढाई मारणारा एक तरुण आडगावात येतो आणि गाव त्याला डोक्यावर घेते, असे त्याचे कथानक. प्रेक्षकांनी गोंधळ घातला, पोलिसांना बोलवावे लागले. खेडुतांची बदनामी झाली, स्त्रीच्या अंतर्वस्त्राचा उल्लेख झाला, हा त्यांचा आक्षेप. वास्तविक सिंग अ‍ॅरन बेटांवर राहून आले होते. कथेचे बीज त्यांना तिथेच मिळाले. गेलिक वाक्यवळणे त्यांनी इंग्रजीत उतरवली. खेड्याचा अभिमान सांगणाऱ्या शहरवासीयांनाच ते खेडे रुचले नाही!

दुसरा धक्का अधिक खोल होता. जेम्स जॉइस यांची ‘युलिसिस’ कादंबरी फेब्रुवारी १९२२ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आयरिश फ्री स्टेट अस्तित्वात आले. कादंबरीचा नायक लिओपोल्ड ब्लूम डब्लिनमध्ये जन्मलेला, पण त्याचे वडील हंगेरीहून आलेले ज्यू. मद्यगृहात एक कडवा राष्ट्रवादी त्याला त्याचे राष्ट्र विचारतो. आपण इथेच जन्मलो, म्हणून आपले राष्ट्र आयर्लंड, असे ब्लूम सांगतो. ते कोणाला पटत नाही. शेवटी त्याच्यावर बिस्किटांचा डबा भिरकावला जातो.

जॉइस यांनी हे ट्रिएस्ट, झ्युरिक, पॅरिस अशा परमुलखांत लिहिले, पण डब्लिनची गल्ली अन् गल्ली त्यात आहे. आयरिश साहित्यातील आधुनिकता म्हणजे राष्ट्राकडे पाठ फिरवणे नव्हे. राष्ट्रात कोणाला जागा आहे, हे तिने निर्भीडपणे विचारले. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेल्या आपल्याला ब्लूमचे उत्तर समजायला जड जाऊ नये.