सीट खाली, जीव सुखात! ड्रॉपर पोस्ट घेण्याआधी तपासायचं काय?

१९ मार्च २०२२. इटलीतली मिलान-सान रेमो ही जवळपास ३०० किलोमीटरची रोड रेस. पोज्जिओ टेकडीचा माथा ओलांडला की शेवट साडेपाच किलोमीटरवर येतो, आणि त्यातला बराचसा भाग वळणावळणाचा उतार आहे. स्लोव्हेनियाचा मातेय मोहोरिच त्या उतारावर असा काही सुटला की मागच्यांना तो सापडलाच नाही. एका वळणावर तो रस्त्याकडेच्या गटारीत जाता जाता वाचला, तरी जिंकला. नंतर त्याच्या सायकलकडे लक्ष गेलं तेव्हा कळलं की, डोंगरातल्या सायकलला लावतात ती वर-खाली होणारी सीटची दांडी, म्हणजे ड्रॉपर सीटपोस्ट, या गड्याने रोड बाईकला लावली होती.

डोंगरात सायकल चालवणाऱ्यांना यात नवल वाटलं नाही. त्यांच्याकडे ही वस्तू आता ब्रेकइतकीच नेहमीची झाली आहे. आपल्याकडे मात्र अजून पुष्कळांचा प्रश्न असतो, की सीट खाली करायला एवढे पैसे कशाला? चांगल्या ड्रॉपरच्या किमतीत एक साधी सायकल येते, तेव्हा प्रश्न रास्तच आहे.

चढावर सीट उंच लागते. पायडल खाली गेल्यावर पाय जवळजवळ सरळ झाला तरच मांडीचा जोर पुरेपूर लागतो. उतारावर नेमकं उलटं होतं. पुढचं चाक खाली झुकलं की अंगाचं वजनही पुढे सरकतं, आणि समोर दगड किंवा नाली आली की स्वार हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. वाचायचं तर कंबर मागे आणि खाली न्यावी लागते, गुडघे वाकवावे लागतात. तिथे उंच सीट आडवी येते, पोटात टोचते, कंबर हलू देत नाही. वळणावर सायकल अंगाखाली आडवी करायची म्हटली तरी मांडीला सीट अडते.

पूर्वी यावर उपाय होता थांबण्याचा. उतरायचं, क्लँप सैल करायचा, सीट खाली ढकलायची, खाली पोचल्यावर पुन्हा वर. १९८४ च्या सुमारास अमेरिकेत जो ब्रीझ आणि जॉश अँजेल यांनी ‘हाइट राइट’ नावाची स्प्रिंग काढली. क्लँप सैल केला की सीट आपोआप वर येई, पण हात खाली घालावा लागेच. हँडलवरच्या अंगठ्याने सीट हलवणाऱ्या पोस्ट त्यानंतर वीसेक वर्षांनी रुळल्या. २०१० साली ‘रॉकशॉक्स’ कंपनीची ‘रिव्हर्ब’ आली आणि मग ही वस्तू घरोघरी म्हणता येणार नाही, पण डोंगरोडोंगरी गेली.

आतली रचना समजली की तपासणी निम्मी सोपी होते. एका नळीत दुसरी नळी सरकते. बऱ्याच पोस्टमध्ये आत एक बंद कार्ट्रिज असतं, त्यात तेल आणि दाबाखालचा वायू. अंगठ्याने लिव्हर दाबली की व्हॉल्व्ह उघडतो. तेव्हा सीटवर बसलं तर ती खाली जाते. उठलं तर वायू तिला वर ढकलतो. लिव्हर सोडली की व्हॉल्व्ह बंद, तेल अडकतं, आणि तेल दाबून लहान होत नाही म्हणून सीट जागच्या जागी ठाम. पण वायू गळून तेलात शिरला तर? वायू दाबला जातो, मग सीट गादीसारखी दबते. दुरुस्तीला येणाऱ्या पोस्टमधला हा एक नेहमीचा आजार.

पहिली चाचणी विकत घेण्याआधीची, आणि ती फक्त टेपने होते. नेहमीची चालवायची उंची लावून फ्रेमच्या क्लँपपासून सीटखालच्या दोन सळयांपर्यंत अंतर मोजायचं. समजा २०० मिलिमीटर भरलं. पोस्ट पूर्ण आत बसवली तरी तिची कॉलर आणि वरचं डोकं मिळून ५० मिलिमीटरच्या आसपास जागा खातात. उरले १५०. म्हणजे १५० च्या वर ड्रॉप असलेली पोस्ट या स्वाराला चालणारच नाही, पाय पायडलला पुरणार नाहीत. मग फ्रेमच्या नळीत खाली किती जागा आहे तेही बघावं लागतं. बाटलीचा स्क्रू किंवा नळीचं वाकण मध्ये आलं तर लांब पोस्ट आत जात नाही. आणि जाडी! २७.२, ३०.९, ३१.६, ३४.९ अशी मापं असतात. ३०.९ च्या फ्रेममध्ये ३१.६ ची पोस्ट ठोकून बसवणारे महाभागही असतात. फ्रेम फाटली की मग कळतं.

बसवल्यावर सगळ्यात आधी क्लँप. इथेच निम्म्या तक्रारींचं मूळ असतं. साधी दांडी घट्ट आवळायची सवय हाताला लागलेली, तोच जोर ड्रॉपरवर लावला की बाहेरची नळी किंचित चेपते आणि आतली अडकते. सीट हळू वर येते, मध्येच थांबते, आणि दोष पोस्टवर जातो. अनेक कंपन्या ५ ते ६ न्यूटन-मीटरच्या आसपासचा जोर सांगतात. तेवढाच द्यायचा, टॉर्क पान्याने. सीट हळू वाटली तर आधी क्लँप पाव फेरा सैल करून बघावं, खुशाल. त्यानंतर केबल. जास्त ताणलेली असेल तर व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही आणि सीट आपोआप खाली बसते. ढिली असेल तर व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही. या दोन गोष्टी न बघता पोस्ट वॉरंटीला पाठवणं म्हणजे मोठ्या शहरापर्यंत कुरिअर, आणि ऐन मोसमात सायकल भिंतीला टेकलेली.

आता खरी चाचणी. लिव्हर न दाबता सीटवर पूर्ण वजन टाकायचं. हलली तर गडबड. मग सीट अर्ध्यावर थांबवायची, क्लँपच्या कॉलरलगत आतल्या नळीला एक रबरबँड गुंडाळायचा आणि दहा मिनिटं बसून फिरायचं. अर्ध्यावर, कारण पूर्ण वर असताना लपलेला दोष तिथे उघडा पडतो. उतरल्यावर नळीची उंची पुन्हा मोजायची. कमी भरली तर आत वायू फिरतो आहे. सीटचं टोक धरून डावी-उजवीकडे हलवायचं. थोडी डुगडुग असतेच, सरकायला जागा हवी म्हणून. पण ती महिन्यागणिक वाढत असेल तर आतल्या पितळी पिना झिजल्या आहेत, त्या बदलता येतात. वर येण्याचा वेगही बघायचा. एक सेकंदाच्या आत-बाहेर ठीक. पार झटक्यात उसळणारी सीट कुठे लागते ते पुरुष स्वारांना समजावून सांगायला नको.

सीट खाली असताना सायकल सीटला धरून उचलू नये, हेही लक्षात ठेवावं. काही मॉडेलमध्ये त्या ओढीने वायू तेलाच्या बाजूला खेचला जातो. गाडीच्या कॅरिअरवर सीटने टांगणारे तर नकळत रोजच ही चूक करतात.

वजनाचं काय? साध्या दांडीपेक्षा ड्रॉपर साधारण ३०० ते ४०० ग्रॅम जड पडते. चढावर ते जाणवतं असं शपथेवर सांगणारे भेटतात. त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत दोन लिटर पाणी असतं ते वेगळं. सपाट रस्त्यावर, कॅम्प ते कॉलेज फिरणाऱ्याला मात्र ही वस्तू खरंच नको. तेच पैसे चांगल्या टायरला घालावेत.

राहिला आपला पाऊस. जांबोटी-चोर्ल्याकडचा तांबडा चिखल वाळला की बारीक भुकटी होतो आणि कॉलरवरच्या रबरी सीलखाली जाऊन बसतो. म्हणून विकत घेताना सील आणि कार्ट्रिज सुटं मिळतं का, आणि ते गावातला मिस्त्री बदलू शकेल का, हे दुकानदाराला आधीच विचारावं. फिरून आल्यावर सीट वर करून आतली नळी ओल्या फडक्याने पुसायची, आणि मगच खाली करायची. प्रेशर पाइपचा फवारा सीलवर मारायचा नाही. चिखल बाहेर यायच्या ऐवजी आत जातो.