बर्लिनमधील आमचें बिऱ्हाड

परदेशीं नोकरीनिमित्त जाणाऱ्या कुटुंबापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो घराचा. आम्ही बर्लिनला आलों तेव्हां माझी एकच हौस होती : राहावयाचें तर जुन्या घरांत. उंच छत, त्याच्या कडेनें गिलाव्याची नक्षी, लांकडी फळ्यांची जमीन आणि दुहेरी झडपांच्या मोठ्या खिडक्या. अशा घरांत पुण्याच्या वाड्याची उणीव भासणार नाहीं असें वाटे.

हीं घरें कशीं उभीं राहिलीं तें थोडक्यांत सांगतें. १८६२ सालीं होब्रेख्ट नांवाच्या स्थापत्यविशारदानें वाढत्या बर्लिनच्या रस्त्यांचा आराखडा केला. रस्त्यांमधले भूखंड मोठे व खोल होते. त्यांवर मालकांनीं अनेक मजली इमारती उठविल्या. रस्त्यालगत पुढचें घर, बाजूस एक सोपा, मागें मागचें घर आणि मध्यें चौक. हा चौक आपल्या वाड्याच्या चौकासारखा दिसतो खरा. पण १८५३ च्या नियमाप्रमाणें त्याची लांबीरुंदी किमान ५.३४ मीटर ठेवावी लागे ती एवढ्याचसाठीं कीं, आगीचा बंब तेवढ्या जागेंत वळावा! पुढच्या घरांत सुखवस्तु मंडळी राहत; मागच्या अंधाऱ्या खोल्यांत कामगारांचीं कुटुंबें दाटीनें राहत, आणि पुष्कळांचा शौचकूप जिन्यावर सामाईक असे. वाडा आणि चाळ एकाच दरवाजाआड नांदत होतीं म्हणावयाचें.

आज ह्याच घरांसाठीं रीघ लागते. घर पाहावयास जावें तों जिन्यावर आधींच तीसचाळीस माणसें उभीं असावयाचीं. प्रत्येकाच्या हातीं पगाराचे दाखले आणि ‘शूफा’ नांवाचें पतपत्र. नवख्या परदेशी माणसाची पत तेथें कोण जाणणार? सात महिने हेलपाटे घातल्यावर शोनेबर्ग भागांत, पुढच्या घरांत, तिसऱ्या मजल्यावर आम्हांस तीन खोल्या मिळाल्या.

जाणाऱ्यांच्या उपयोगासाठीं दोनचार गोष्टी सांगून ठेवतें. जाहिरातींतलें भाडें बहुधा ‘थंड’ असतें. ऊब, पाणी वगैरेंचा खर्च निराळा. स्वयंपाकघर पुष्कळदां रिकामें मिळतें. आमच्या वांट्यास भिंतीबाहेर आलेला एक नळ तेवढा आला. राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांत सरकारी दप्तरांत नोंद करावी लागते. रविवारीं भिंतीस भोंक पाडण्याची सोय नाहीं. शेजारी लगेच दार ठोठावतात. पण भाडेकरूस कायद्याचा आधार मोठा. अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्याहून अधिक मागतां येत नाहीं, आणि सबळ कारण दाखविल्यावांचून मालकास घर खालीं करून घेतां येत नाहीं. करारावर सही करतांना ह्याचेंच मला अधिक समाधान वाटलें.

पहिल्याच आठवड्यांत खालच्या मजल्यावरच्या वृद्ध बाई तिकडच्या रीतीप्रमाणें पाव आणि मीठ घेऊन आल्या. नोव्हेंबरच्या नऊ तारखेस त्याच बाई दारासमोर गुडघे टेकून बसलेल्या दिसल्या. कांहीं हरवलें असेल म्हणून मी धांवलें. तों त्या फडक्यानें फरसबंदींतल्या चार पितळी पाट्या घांसत होत्या. तळहाताएवढ्या त्या पाट्या मीं रोज ओलांडल्या होत्या. डोळे मात्र सदा वरच्या नक्षीकडे!

“येथें राहत होते” असें आरंभीं लिहून प्रत्येकीवर एक नांव, जन्माचें साल व नेल्याचें साल कोरलेलें होतें. गुंटर डेमनिग ह्या कलावंतानें बर्लिनमध्यें १९९६ सालीं अशा पाट्या बसविण्यास आरंभ केला. आतां युरोपभर त्या एक लाखाहून अधिक आहेत. आमच्या दारीं होतें एक ज्यू कुटुंब : आईबाप व दोन मुली. धाकटी आठ वर्षांची, माझ्या मुलीएवढी. ज्या हक्काचें मीं आतांच कौतुक केलें, तो ३० एप्रिल १९३९ च्या कायद्यानें ज्यू भाडेकरूंपासून काढून घेण्यांत आला. १८ ऑक्टोबर १९४१ रोजीं पहिली गाडी हजाराहून अधिक माणसें घेऊन ग्रुनेवाल्ड स्थानकावरून गेली. तशा कितीतरी पुढें गेल्या. आमच्या घरचीं चौघें १९४२ सालीं गेलीं तीं परतलीं नाहींत. तीं कोणत्या मजल्यावर राहत होतीं, हें त्या बाईंस सांगतां आलें नाहीं.

त्या रात्रीं मला झोंप लागेना. हें घर सोडावें काय, असें यजमानांपाशीं बोललेंहि. शेवटीं पुण्यास सासूबाईंना दूरध्वनि केला. त्या सर्व ऐकून घेऊन म्हणाल्या, “वास्तुशांतींत आपण घर बांधतांना दुखावलेल्या जिवांची क्षमा मागतों. तुम्ही घर सोडलेंत म्हणून त्यांचें काय भलें होणार? राहा, पण विसरूं नका.”

आम्ही राहिलों. देव्हारा पूर्वेच्या भिंतीस मांडला. आतां दर वर्षीं नऊ नोव्हेंबरला त्या बाईंबरोबर मी व माझी मुलगी खालीं जातों. चिंच आणि मीठ लावून समया घांसाव्या तशा त्या पाट्या मुलगी घांसते, आणि उजळलेलीं नांवें एकेक करून मोठ्यानें वाचते.