आजीची मराठी मोबाइलला कधी कळणार?

जून महिन्यात आजोळी गेले होते, अमरावती जिल्ह्यात. पेरणी खोळंबलेली, आभाळ रोज नुसतंच भरून यायचं. मामाने आजीला नवा स्मार्टफोन घेऊन दिला होता. ‘टाइप करायची गरजच नाही आजी, नुसतं बोल,’ असं मी तिला मोठ्या ऐटीत शिकवलं. आजीने फोन तोंडाजवळ धरला आणि विचारलं, ‘पानी कई येईन?’

फोनने पाणीपुरीच्या रेसिपीचा हिंदी व्हिडिओ उघडला.

आम्ही सगळे पोट धरून हसलो. आजीने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. ‘याले मराठी नाही समजत का वं?’ असं माझ्यावरच डाफरून तिसऱ्या वेळी तिने आवाज बदलला. शाळेत गुरुजींसमोर उभी असल्यासारखी, एकेक शब्द तोडत म्हणाली, ‘पाऊस कधी येणार आहे?’ लगेच पुढच्या सात दिवसांचा अंदाज स्क्रीनवर हजर. मामेभावाने टाळ्या वाजवल्या. मला मात्र काहीतरी टोचलं. पंचाहत्तर वर्षं जी भाषा बोलत आली, ती आजीला एका मशीनसाठी बदलावी लागली.

खरं तर फोनचाही फार दोष नाही. आवाज ओळखणारं सॉफ्टवेअर माणसांनी बोललेली हजारो तासांची रेकॉर्डिंग्ज आणि त्यांचा लिहिलेला मजकूर जोडीने पाहून शिकतं. जे ऐकलंच नाही, ते त्याला कळणार कसं? ‘कई’ म्हणजे ‘कधी’, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. पुस्तकी मराठीत ‘येईन’ फक्त ‘मी’ येते, पण वऱ्हाडीत पाऊसही ‘येईन’ आणि पाहुणाही. ‘पानी’ ऐकलं की ते सरळ हिंदीकडे वळत असणार. हा प्रश्न फक्त आपला नाही. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या ॲलिसन कोनेके या पीएचडी करणाऱ्या विद्यार्थिनीने सहकाऱ्यांसोबत पाच बड्या कंपन्यांच्या स्पीच सिस्टिम तपासल्या. गोऱ्या अमेरिकन लोकांच्या बोलण्यात सरासरी १९ टक्के शब्द चुकत होते, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५ टक्के. आणि भाषा इंग्रजीच होती!

मग शोधत बसले आणि मराठीचाच एक भारी किस्सा सापडला. असा डेटा लागला की संशोधक बहुतेक वेळा कॉलेजच्या पोरांना गाठतात. साहजिक आहे, आपण कॅम्पसवर सापडतो आणि थोड्या पॉकेटमनीवर खूश असतो. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बेंगळुरूमधल्या गटाने वेगळं करून पाहिलं. त्यांनी मराठीचं रेकॉर्डिंग तीन गटांकडून करून घेतलं: कमी उत्पन्न असलेले गावातले लोक, तसेच शहरातले लोक आणि विद्यापीठातले विद्यार्थी. ३६ जणांनी मिळून १०९ तासांचा आवाज दिला. २०२० मध्ये निष्कर्ष छापून आला, की पहिल्या दोन गटांचं काम विद्यार्थ्यांच्या तोडीचं आहे. (म्हणजे आपली मक्तेदारी संपली, मित्रांनो.)

याच संशोधनातून पुढे ‘कार्या’ ही संस्था उभी राहिली. तिचा एक संस्थापक मनू चोप्रा. दिल्लीच्या वस्तीत वाढलेला, स्टॅनफर्डमध्ये शिकलेला, आणि २०२३ मध्ये ‘टाइम’च्या एआय क्षेत्रातल्या १०० जणांच्या यादीत आला तेव्हा तिशीही न गाठलेला. आवाज देणाऱ्याला तासाला किमान पाच डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण ४०० रुपये द्यायचे आणि तोच डेटा पुन्हा विकला गेला तर त्यातलाही वाटा त्याला द्यायचा, अशी यांची पद्धत.

दुसरा रस्ता फुकटातला. मोझिलाने २०१७ मध्ये ‘कॉमन व्हॉइस’ सुरू केलं. वेबसाइटवर जायचं, समोरचं वाक्य वाचून रेकॉर्ड करायचं. दुसरं कोणीतरी ते ऐकून बरोबर की चूक सांगतं, दोघांनी होकार दिला की क्लिप पक्की. जमलेला सगळा डेटा जगात कुणालाही मोफत वापरता येतो. इथे कमाल केली ती रवांडाने. देश आपल्या मुंबई महानगर प्रदेशापेक्षाही कमी लोकसंख्येचा, पण त्यांच्या किन्यारवांडा भाषेचे दोन हजारांहून जास्त तास जमले. पुढाकार घेतला ‘डिजिटल उमुगांडा’ नावाच्या तिथल्या स्टार्टअपने. उमुगांडा म्हणजे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळ्यांनी मिळून करायचं सार्वजनिक काम. आपल्याकडची इर्जिक किंवा सावड आठवा, तसंच काहीसं. फक्त शेताऐवजी भाषेसाठी.

आता आपलं बघा. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटी ३० लाख. कॉमन व्हॉइसवर मराठी आहे, पण रवांडाच्या आकड्याच्या आसपासही नाही. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ प्रकल्पातही ‘भाषादान’ नावाची अशीच सोय आहे. मी कागदावर हिशेब मांडला: एक वाक्य साधारण पाच सेकंदांचं धरलं, तर तासाला ७२० वाक्यं. साठ जणांच्या वर्गाने प्रत्येकी बारा वाक्यं वाचली की झाला एक तास. एका रीलच्या स्क्रोलिंगला यापेक्षा जास्त वेळ जातो, हे मी स्वतःवरूनच सांगतेय.

मी बसले रेकॉर्डिंगला. हॉस्टेलचा पंखा बंद करून, घाम पुसत. पण एक गोची लक्षात आली. वाचायला येणारी वाक्यं बहुतेक पुस्तकीच. ती वाचून माझी मराठी पोहोचेल, आजीची नाही. त्यावरही उपाय आहे म्हणा: नवीन वाक्यं कोणीही देऊ शकतं, फक्त ती कॉपीराइटमुक्त हवीत, म्हणजे सरळ आपणच लिहायची. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलणारे किती जण आपल्या वर्गात असतात, आणि कॅम्पसवर पाय ठेवला की तेच जण ती बोली बॅगेत टाकून ‘प्रमाण’ बोलायला लागतात. ही वाक्यं त्यांनीच लिहायला हवीत.

पुढच्या खेपेला गावी गेले तेव्हा आजीला सगळं समजावलं. तिने दोन प्रश्न विचारले. ‘माहा आवाज कोन कोन आयकीन?’ आणि ‘पैसे देते का ते?’ दोन्ही नेमके. खुला डेटा म्हणजे कोणालाही खुला, त्यात गब्बर कंपन्याही आल्याच. एकदा गेलेला आवाज सगळीकडून परत बोलावता येत नाही. आवाजाची नक्कल करून पैसे उकळण्याच्या बातम्या आपण वाचतोच. म्हणून घरातल्या कोणाला मायक्रोफोनसमोर बसवण्याआधी हे सांगायलाच हवं, असं मला वाटतं. आणि गरजू माणसाकडे ‘दान’ मागण्यापेक्षा कार्याची रीत मला जास्त पटते. दान आपण करावं, ज्यांचं कॉलेज आणि वायफाय दोन्ही घरच्यांच्या पैशाने चालतं.

आजीने थोडा विचार केला. ‘मी कोनाचं काई चोरलं नाही, आयकू दे,’ म्हणाली आणि चष्मा मागितला. मी लिहिलेली पाच वाक्यं आम्ही आधीच साइटवर पाठवली होती, पण तीही कोणीतरी तपासून मंजूर करावी लागतात. तोवर आजीने तिथलंच एक पुस्तकी वाक्य वाचलं आणि वर ‘असं कोन बोलते?’ हेही रेकॉर्ड झालं. ती क्लिप पुन्हा करावी लागली.

वाक्यं अजून रांगेत आहेत. आजी दर फोनला विचारते, ‘माहा नंबर लागला का वं?’