कडधान्यांच्या पोटातील पहारेकरी

धान्याच्या व्यापारात ज्याचे आयुष्य गेले, त्यास दाण्याची परीक्षा शिकवावी लागत नाही. रंग, वजन, ओल आणि भुंगा या चारही गोष्टी तो मूठभर दाणे हाती घेताच ओळखतो. परंतु त्याच दाण्याच्या पोटात असे एक द्रव्य असते, की जे डोळ्यांस दिसत नाही, हातास लागत नाही, आणि तरीही गिऱ्हाइकाच्या पचनाशी त्याचा निकटचा संबंध आहे. त्या द्रव्याचा परिचय सभासद बंधूंस व त्यांच्या कुटुंबीयांस करून द्यावा, हा या लेखाचा हेतू होय.

पेडणे व डिचोली या तालुक्यांत पावसाळी भाताची कापणी झाली, की शेतात उरलेल्या ओलीवर अळसांदे व कुळीथ पेरण्याची चाल फार जुनी आहे. अळसांदे म्हणजे चवळीचीच मोठ्या दाण्याची जात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्यांस आजही हौशी गिऱ्हाईक असते. अळसांदे, कुळीथ, वाल, सोयाबीन या सर्वांत ‘प्रथिनविकर-रोधक’ नावाची द्रव्ये कमीअधिक प्रमाणात आढळतात.

याचा अर्थ असा : आपण खाल्लेल्या प्रथिनांचे तुकडे करण्याचे काम विकर, म्हणजेच एन्झाइम, करीत असतात. त्यांपैकी ट्रिप्सिन हे प्रमुख. ते स्वादुपिंडात निष्क्रिय रूपात तयार होते व लहान आतड्यात उतरल्यावर कामास लागते. कडधान्यातील रोधक नेमका या ट्रिप्सिनच्या कार्यस्थळी जाऊन घट्ट बसतो. तराजूच्या पारड्यात कोणी धोंडा ठेवून तो उचलूच दिला नाही, तर तराजू शाबूत असूनही माल तोलता येत नाही. तशीच ट्रिप्सिनची गत होते. वनस्पतीने ही योजना आपले बी किड्यांपासून राखण्यासाठी केलेली असावी, असे शास्त्रज्ञ मानतात.

१९१७ साली अमेरिकेत ऑस्बोर्न व मेंडेल या संशोधकांनी दाखवून दिले, की कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ नीट होत नाही, मात्र तेच शिजवून दिले असता ती होते. १९४५ साली मोझेस कुनित्झ यांनी सोयाबीनमधील रोधक शुद्ध स्फटिकरूपात मिळविला. आपल्या देशात म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत कुळथातील रोधकांचा बारकाईने अभ्यास झाला आहे.

जे द्रव्य पोटात अडचण करते, तेच प्रयोगशाळेत उपकारक ठरले, ही मौजेची गोष्ट आहे. शास्त्रज्ञास एखाद्या पेशीतील प्रथिन तपासावयाचे असले, की पेशी फोडावी लागते. पेशी फुटताच तिच्यातीलच विकर मोकळे होऊन हव्या असलेल्या प्रथिनाचा फडशा पाडू लागतात. म्हणून द्रावणात आधीच रोधक घालून ठेवतात. सोयाबीनचा रोधक त्यांपैकी एक. दुसरा ॲप्रोटिनिन, तो पूर्वापार गुरांच्या फुप्फुसांतून काढीत आले. तिसरा ल्युपेप्टिन, तो जपानात हामाओ उमेझावा यांनी १९६९ साली सूक्ष्मजीवांपासून मिळविला. याच तत्त्वावर पुढे औषधेही निघाली. एड्सच्या विषाणूचे प्रथिनविकर रोखणारे पहिले औषध, सॅक्विनाव्हिर, अमेरिकेत १९९५ साली मान्य झाले.

शेतीतही या द्रव्याचा उपयोग करण्याचे प्रयत्न झाले. १९८७ साली इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी चवळीतील रोधकाचा जनुक तंबाखूच्या झाडात घालून किडीस प्रतिकार करणारे झाड तयार केले. परंतु कीडही स्वस्थ बसत नाही. हरभऱ्यावरील घाटेअळी हरभऱ्याच्या रोधकास सरावलेली असते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९९९ साली असे दाखविले, की भुईमूग, चौधारी घेवडा व बटाटा या, तिचे नेहमीचे खाद्य नसलेल्या वनस्पतींचे रोधक आळीपाळीने वापरल्यास तिची वाढ अधिक खुंटते.

आता आपल्या पेढीशी याचा संबंध काय, ते पाहू. काही वर्षांपूर्वी डिचोलीकडील एका कुक्कुटपालकाने तयार खाद्य महाग पडते म्हणून कोठून तरी कच्चे सोयाबीन आणून भरडले व कोंबड्यांस घातले. पक्षी खात होते, पण अंगी लागत नव्हते; कोणी म्हणे रोग, कोणी म्हणे दृष्ट. अखेर पशुवैद्याने खाद्याची चौकशी केली, तेव्हा उलगडा झाला. तोवर त्या गृहस्थाचे कर्ज मात्र वाढले होते. सोयापेंड ओल्या उष्णतेने नीट तापविली आहे की नाही, हे पाहण्यासाठी युरिएज नावाच्या विकराची परीक्षा रूढ आहे. कमी तापविली तर रोधक उरतो, फाजील तापविली तर लायसीनसारखे पोषक अंश वाया जातात. पशुखाद्याचा व्यापार करणाऱ्या बंधूंनी हा दाखला मागितल्यावाचून माल उचलू नये.

गृहिणींसाठीही दोन शब्द. कडधान्ये रात्रभर भिजवावी, ते पाणी टाकावे व दाणा बोटाने दाबताच मऊ होईल इतका शिजवावा. मोड आणल्याने रोधक काहीसा कमी होतो, सर्वस्वी जात नाही. मुगात तो तुलनेने थोडा असतो. परंतु ‘कच्चे तेवढे पौष्टिक’ या हल्लीच्या समजुतीने वाल, कुळीथ किंवा सोयाबीन कच्चे खाणे बरे नव्हे. आपल्या कोकण-गोव्यातील कुळथाच्या पिठीचे पाहा : कुळीथ आधी भाजतात, मग दळतात आणि ते पीठ पुन्हा पाण्यात उकळतात. ट्रिप्सिनचे नावही ज्यांनी ऐकले नव्हते, त्या आजीबाईंनी अनुभवाने ही रीत बसविली.

धान्य सचोटीने तोलून देणे हा आपला धर्म आहेच. त्याच्या जोडीला, हे धान्य कसे शिजवावे, कोणते पीठ भाजलेले व कोणते कच्चे, हे गिऱ्हाइकास सांगणे अथवा पुडीवर स्वच्छ अक्षरांत छापणे यास फारसा खर्च येत नाही. तेवढे आपण सर्वांनी केले, तर विकलेला दाणा खाणाऱ्याच्या अंगी लागेल, आणि व्यापाऱ्यास याहून मोठी प्रतिष्ठा ती कोणती?