उंदीर कुठे पडला?

प्लेग म्हटलं की मराठी माणसाला पुणं आठवतं. रँड, चाफेकर, घराघरांत घुसणारे गोरे सोजीर. पण रोग आधी आला तो मुंबईत, आणि तो नेमका कुठल्या घरात शिरलाय हे हुडकून काढणारी यंत्रणाही मुंबईतच घडली. तिला सूर सापडायला दहाएक वर्षं लागली. त्यातली पहिली काही वर्षं भलत्याच प्राण्याचा पाठलाग करण्यात गेली. तो प्राणी म्हणजे माणूस.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीतल्या एका रुग्णाला गाठीचा प्लेग झाल्याचं निदान केलं. मांडवी म्हणजे बंदराला खेटलेली, धान्याच्या वखारींनी आणि चाळींनी गच्च भरलेली वस्ती. उंदरांना आणखी काय हवं?

धोकादायक साथीचा रोगी आढळला तर पालिकेला कळवावं, अशी तरतूद १८८८ च्या पालिका कायद्यात होतीच. कळवणार कोण, हा प्रश्न होता. बहुतेक रोगी डॉक्टरपर्यंत जातच नसत. त्यामुळे आरोग्य खात्याची खरी मदार स्मशानं आणि कब्रस्तानांतल्या मृत्यूनोंदीवर. तिथे कारण लिहिलं जाई ‘ताप’, फार तर ‘अशक्तपणा’. मग खातं वेगळाच हिशेब मांडी. आधीच्या वर्षांत या आठवड्यात साधारण किती माणसं मरत, यंदा किती मेली, आणि वरचा आकडा बव्हंशी प्लेगच्या नावावर. मला हा प्रकार फार चतुर वाटतो. कारण खोटं लिहिता येतं, प्रेतांची संख्या लपवणं कठीण.

सरकारला मात्र एवढा धीर नव्हता. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला, पाठोपाठ ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या हाताखाली प्लेग समिती. घरझडत्या, रोग्याची रवानगी इस्पितळात, घरच्यांची छावणीत. भिंतीवर लाल रंगाने वर्तुळ काढायचं. वर्तुळं जितकी, तितके त्या घरातले प्लेगचे बळी. लोक चिडणारच. आर्थर रोड इस्पितळावर गिरणी कामगारांचा जमाव तर ऑक्टोबर १८९६ मध्येच चालून गेला होता. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात दंगल पेटली. रोगी लपवले जाऊ लागले, माणसं शहर सोडून गावी पळाली, आणि रोगही त्यांच्याबरोबर गावोगाव पोचला. जितकी सक्ती कडक, तितकी नोंदवही कोरी. अखेर सरकारलाच हात आखडता घ्यावा लागला.

१९०५ मध्ये प्लेग संशोधन आयोगाने परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमधल्या प्रयोगशाळेत काम सुरू केलं, तेव्हा माग काढण्याची दिशाच बदलली. ही प्रयोगशाळाच पुढची हाफकिन संस्था. शहरभरातून मेलेले आणि पकडलेले उंदीर तिथे येत. कुठल्या जागी सापडला, ही नोंद प्रत्येकाबरोबर हवीच. टेबलावर उंदीर उताणा, पोट-छाती उघडलेली. मानेजवळ सुजलेली गाठ, यकृतावर बारीक ठिपके, छातीच्या पोकळीत साठलेलं पाणी. सरावलेल्या डोळ्याला बहुतेक वेळा एवढं पुरे, सूक्ष्मदर्शकाचीही गरज नसे. असे लाखाहून जास्त उंदीर तपासले गेले. जात कुठली, नर की मादी, गाभण आहे का, सगळं टिपलं गेलं.

त्या नोंदींतून जे वेळापत्रक हाती आलं ते थक्क करणारं होतं. साथ आधी गटारातल्या तपकिरी उंदरांत. सुमारे दहा दिवसांनी माणसाच्या घरात राहणाऱ्या काळ्या उंदरांत. त्यानंतर दहा-चौदा दिवसांनी माणसांत. या शेवटच्या अंतराचा हिशेबही आयोगाने लावला. उंदीर मेला की त्याच्यावरची पिसू साधारण तीन दिवस उपाशी राहते आणि मग माणसाला चावते. रोग अंगात मुरायला आणखी तीन दिवस, आणि मरण येईपर्यंत पाच-साडेपाच दिवस. म्हणजे चाळीत उंदीर पडला की आठवडा-दीड आठवड्याची आगाऊ सूचना मिळाली. आजी-पणजीच्या पिढीने हे कुठल्याही आयोगाआधी ओळखलं होतं. घरात उंदीर पडला की बिऱ्हाड उचलायचं आणि माळावर झोपडी बांधायची. सरकारने त्यांना विचारलं असतं तर काही वर्षं वाचली असती.

उंदरांच्या नोंदीने प्लेग हटला, असं मात्र म्हणता येणार नाही. अंधाऱ्या, कोंदट चाळी तशाच होत्या. १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने वस्त्या पाडल्या आणि रस्ते रुंद केले, पण हललेली माणसं शेजारच्या चाळींत जाऊन कोंबली गेली. नोंदीने साधलं ते एवढंच, की रोग शोधायला कुणाच्या माजघरात शिपाई घुसवावा लागेना. माझ्या मते तीच मोठी कमाई.

उंदरांमागे लागण्याचं काम मुंबई पालिकेने आजवर सोडलेलं नाही. तिचे मूषक संहारक अजूनही काठी आणि विजेरी घेऊन रात्रपाळीला निघतात, आणि रात्रीत तीस उंदीर मारून आणणं हे त्यांचं ठरलेलं काम आहे.