सातारा, आवाज येतोय का?

२३ नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांची मतमोजणी सकाळी आठला सुरू झाली. आधी टपाली मतं, साडेआठपासून यंत्रं. वृत्तवाहिनीच्या पीसीआरमध्ये, म्हणजे जिथून कार्यक्रम चालवला जातो त्या खोलीत, ऑडिओच्या माणसाचा, म्हणजे माझा, दिवस मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. मॉनिटरवर नुसते रंगीत पट्टे असतात आणि इंटरकॉमच्या पॅनेलवर असं बोलणं चालू असतं:

‘सातारा, आवाज येतोय का?’

‘येतोय, पण बारीक आहे.’

‘आता?’

‘आता ठीक. पण मलाच मी ऐकू येतोय.’

हे शेवटचं वाक्य कानावर पडलं की मी हातातलं बाकी सगळं बाजूला ठेवतो. चित्र तुटत असेल तर ग्राफिक्स लावून वेळ मारून नेता येते. चित्र गेलंच तर फोनो, म्हणजे नुसता फोनवरचा आवाज, घेता येतो. पण बातमीदाराच्या कानात त्याचाच आवाज उशिरा परत जात असेल तर भल्याभल्यांची बोबडी वळते. अमेरिकेत बर्नार्ड ली यांनी १९५० मध्येच हे नोंदवून ठेवलं आहे: माणसाला स्वतःचा आवाज थोडा उशिरा ऐकवला की तो अडखळतो, अक्षरं पुन्हा म्हणतो, वेग सोडतो. साधारण २०० मिलिसेकंदांच्या आसपास हा त्रास सर्वांत जास्त होतो. आमच्याकडे उशीर सेकंदाच्या पुढेही जातो. तेव्हा जीभ कमी अडखळते, पण आपलंच मागचं वाक्य कानात वाजत असताना पुढचं वाक्य सुचत नाही.

म्हणून बाहेरच्या माणसाला टॉकबॅक, म्हणजे स्टुडिओतून त्याच्या कानात जाणारा आवाज, द्यायचा तर पहिलं काम एकच. त्याला स्टुडिओतलं सगळं ऐकू गेलं पाहिजे, फक्त तो स्वतः सोडून. यालाच आम्ही मिक्स मायनस म्हणतो, कुणी एन मायनस वन म्हणतं. चारजण चार गावांहून एकाच चर्चेत बसणार असतील तर चार वेगवेगळी मिश्रणं करावी लागतात. साताऱ्याला अँकर, नागपूर, बारामती आणि वरळी. नागपूरला अँकर, सातारा, बारामती आणि वरळी. घाईच्या वेळी सगळ्यांना मिळून एकच फीड द्यायचा मोह होतो, ज्यात बाहेरचं कुणीच नाही, फक्त स्टुडिओ. प्रतिध्वनी त्यातही येत नाही. पण मग बारामतीने केलेला आरोप साताऱ्याला ऐकूच जात नाही आणि अँकरला तोच आरोप पुन्हा बोलून दाखवावा लागतो. लोकांना वाटतं, पाहुणा प्रश्न टाळतोय. प्रत्यक्षात त्या बिचाऱ्यापर्यंत प्रश्न पोचलेलाच नसतो.

मिक्सरवर प्रत्येक गावासाठी एक ऑक्स बस, म्हणजे मिश्रणाची वेगळी वाट, राखून ठेवायची, तिच्यात बाकी सगळे चढवायचे आणि त्या बसकडे जाणारा त्या गावाचा स्वतःचा आवाज पूर्ण खाली. ही बस इंटरकॉमच्या मॅट्रिक्समध्ये जाते. मॅट्रिक्सवर प्रत्येक बाहेरच्या माणसाला एक फोर-वायर पोर्ट असतो: एक जोडी जाण्याची, एक येण्याची. तिथे त्या बसला आयएफबी करायचं, म्हणजे कार्यक्रम दाबून मधेच सूचना देता येईल अशी सोय करायची. प्रोड्युसरने पॅनेलवर ‘सातारा’ बटण दाबलं की साताऱ्याच्या कानातला कार्यक्रम दबतो आणि प्रोड्युसरचा आवाज वर येतो. बटण सोडलं की कार्यक्रम पूर्ववत. किती दाबायचा हे ठरवता येतं. काही ठिकाणी पूर्ण बंद करतात. मला ते पटत नाही. कानात एकदम शांतता झाली की लाइव्ह असलेला माणूस दचकतो, त्याला वाटतं लाइन गेली. कार्यक्रम कुजबुजीइतका मागे राहू द्यावा. सूचना स्पष्ट कळते आणि आपण जोडलेले आहोत हा दिलासाही राहतो.

आता हा आवाज गावापर्यंत न्यायचा कसा? ओबी व्हॅन आणि उपग्रहाच्या काळात हिशेब सरळ होता. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवर. वर जाऊन खाली यायला ७२ हजार किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पाव सेकंद. एन्कोडिंगचा वेळ त्यावर वेगळा. हा उशीर दिवसभर तेवढाच राहायचा, त्यामुळे अँकरलाही त्याची सवय व्हायची. आता बहुतेक लाइव्ह बॅकपॅकवरून होतात. पाठीवरच्या त्या पिशवीत वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं असतात. चित्राचे तुकडे सगळ्या सिमवरून पाठवले जातात आणि इकडे पुन्हा जुळवले जातात. जुळवायला वेळ लागतो, म्हणून एक-दोन सेकंदांचा साठा ठेवावा लागतो. मतमोजणी केंद्राबाहेर हजारो लोक एकाच वेळी व्हिडिओ पाठवू लागले की हा साठा वाढवण्याशिवाय इलाज नसतो.

परतीचा, म्हणजे बातमीदाराच्या कानात जाणारा आवाज याच पिशवीतून पाठवण्याची सोय असते आणि शांत जागी ती उत्तम चालते. गर्दीच्या ठिकाणी मात्र मी साध्या मोबाइल कॉलला पसंती देतो. फोर-जीवरच्या व्हॉइस कॉलला नेटवर्कमध्ये डेटापेक्षा वरचं स्थान मिळतं. त्यामुळे इंटरनेट गुदमरलं तरी कॉल बऱ्याचदा टिकतो. दोन्ही वाटा वेगळ्या असल्या की एक पडली तरी दुसरी हाताशी राहते. पण फोनचे म्हणून काही नियम पाळावे लागतात. कॉल वेटिंग बंद. ब्लूटूथ नाही, वायरचाच इअरपीस. वायरलेसमध्ये आणखी उशीर जमा होतो आणि बॅटरी नेमकी नको तेव्हा संपते. नव्या फोनना गोल जॅक नसतो, तेव्हा टाइप-सीचा कनेक्टर खिशात हवा, आणि जोडीला एक जादा.

लाइन जुळली की तपासणी. आधी मी एक किलोहर्ट्झचा टोन सोडतो आणि विचारतो, सूर सलग आहे की हेलकावतोय? फोन स्वतःहून आवाज वरखाली करत असेल तर टोनमध्ये ते लगेच कळतं, बोलण्यात कळत नाही. मग आकड्यांचा खेळ. मी म्हणतो ‘एक’. ऐकल्याबरोबर त्याने म्हणायचं ‘दोन’. ते माझ्यापर्यंत आलं की मी ‘तीन’. मधली फट हीच जाण्या-येण्याची एकूण लांबी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार संभाषणात एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर तो सहसा जाणवत नाही आणि ४०० च्या पुढे जाऊ नये. आमची पिशवी ही मर्यादा केव्हाच ओलांडते. म्हणून ही फट मोजून मी अँकरला सांगतो. ज्या अँकरला ती माहीत असते तो छोटा प्रश्न विचारतो, प्रश्न संपवतो आणि थांबतो. मधे ‘हो’, ‘हं’, ‘बरोबर’ म्हणत नाही. ते हुंकार पलीकडे दोन वाक्यांनंतर पोचतात, आणि बोलणाऱ्याला वाटतं आपल्याला अडवलं जातंय.

शेवटी गोंगाट. सकाळी सहाला केंद्राबाहेर केलेली आवाजाची पातळी दुपारी दोनला कामाची नसते. आघाडी वाढली की गुलाल आणि ढोल-ताशा सुरू. कानात घट्ट बसणारा साचा असेल तरच शब्द कळतात; सैल इअरफोनचा आवाज कितीही वाढवला तरी ताशा जिंकतो. हेडसेट-बेल्टपॅकच्या इंटरकॉमची पाळंमुळं याच अडचणीत आहेत. क्लिअर-कॉम ही कंपनी १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उभी राहिली ती रॉक संगीताच्या मैफलींत, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, मंचामागच्या माणसांना एकमेकांचं ऐकू यावं म्हणून. आमच्या बातमीदाराची गरज आजही तीच आहे.

तांत्रिक जोडणी कितीही नेटकी असली तरी ती एका गोष्टीने वाया जाते: कानात बोलणारे अनेक असणं. पॅनेल प्रोड्युसर म्हणतो ‘दहा सेकंदांत तुझ्यावर येतोय’, असाइनमेंट डेस्क म्हणतं ‘आधी तो आकडा चुकीचा आहे ते सांग’, आणखी कुणी म्हणतं ‘आवर’. बातमीदार मुलगा कॅमेऱ्यात बघून बोलतोय, समोर कार्यकर्ते ढकलतायत आणि डोक्यात तीन माणसं. सातारा काय, नागपूर काय, त्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाची मला यात खरोखर काळजी वाटते. स्टुडिओत आपल्याला सगळे पडदे दिसतात, त्याला काहीच दिसत नाही. त्याला मिळतो तो फक्त कान.

वाहिन्या चालवणाऱ्यांकडे माझं मागणं साधं आहे. निकाल, पूर, मोर्चा अशा मोठ्या दिवशी आयएफबीची बटणं एकाच पॅनेलवर ठेवा आणि त्या पॅनेलवर एकच माणूस बसवा. बाकीच्यांनी जे सांगायचं ते त्याला सांगावं, आणि काय पोचवायचं, कधी पोचवायचं हे त्याने ठरवावं. त्याच्याकडे दुसरं कोणतंही काम देऊ नका.