बाळाच्या हातांची भाषा

दहा महिन्यांचं बाळ रडू लागलं की घरात धावपळ सुरू होते. भूक लागली असेल म्हणून आई दूध पुढे करते. आजी म्हणते, पोट दुखत असेल. आजोबा खिडकीतला काऊ दाखवतात. बाळाला हवं असतं फक्त घोटभर पाणी. काय हवं ते त्याला ठाऊक असतं, पण सांगायला शब्द नसतो. ही अडचण हातांच्या साध्या खुणांनी बरीच हलकी करता येते.

यात आपल्याला अगदीच नवं असं काही नाही. 'टाटा कर', 'बाप्पाला जेजे कर' असं आपण शिकवतोच आणि एकही शब्द न बोलणारं बाळ हात हलवतं, हात जोडतं. शब्द उच्चारायला जीभ, ओठ, टाळू आणि श्वास यांचा नेमका मेळ बसावा लागतो. पहिला शब्द यायला साधारण वर्ष लागतं. हात मात्र त्याआधीच ताब्यात येऊ लागतात. मग हात जोडता येतात, तर 'पाणी हवं' हे हातानं का सांगता येऊ नये?

कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ लिंडा अ‍ॅक्रेडोलो यांची मुलगी वर्षाची असताना फूल दिसलं की हुंगल्यासारखं नाक करी. तो तिचा फुलासाठीचा 'शब्द'च होता! हे लक्षात आल्यावर अ‍ॅक्रेडोलो आणि त्यांच्या सहकारी सुझन गुडविन यांनी लहानग्यांच्या अशा खुणांचा अनेक वर्षं अभ्यास केला. १९९६ साली आलेल्या त्यांच्या 'बेबी साइन्स' या पुस्तकामुळे ही कल्पना घरोघरी पोहोचली.

सुरुवात सहा ते आठ महिन्यांच्या सुमारास करावी. बाळाच्या रोजच्या गरजेच्या तीनचार खुणाच निवडाव्यात. पाण्यासाठी मूठ मिटून अंगठा तोंडाकडे न्यायचा. खाऊसाठी पाची बोटं जुळवून ओठांना लावायची. 'आणखी हवं' म्हणताना दोन्ही हातांची जुळवलेली बोटं एकमेकांवर टेकवायची. 'संपलं' म्हणताना दोन्ही रिकामे तळवे फिरवून दाखवायचे.

यात तीन पथ्यं आहेत. पहिलं, खुणेबरोबर शब्द दर वेळी स्पष्ट उच्चारायचा. दुसरं, खूण त्या त्या प्रसंगीच करायची. पाण्याची खूण पाण्याचा पेला हातात असताना. तिसरं, घरातल्या सगळ्यांनी एकच खूण वापरायची, आजीची वेगळी आणि बाबांची वेगळी असं नको. मग धीर धरायचा. बाळाकडून उत्तर यायला दोन महिनेही लागू शकतात, आणि त्याची खूण आपल्यासारखी हुबेहूब नसते. बोबडे बोल आपण समजून घेतो, तशी ही बोबडी खूणही समजून घ्यायची. पाहुण्यांसमोर 'करून दाखव' असा आग्रह मात्र नको.

आता नेहमीचा प्रश्न : खुणांची सवय लागली तर मूल बोलायला उशीर करील का? तशी भीती बाळगण्याचं कारण संशोधनात सापडलेलं नाही. उलट, खुणा शिकवल्या की मूल लवकर बोलतं, हुशार होतं, या जाहिरातींवरही फार विसंबू नये. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ कर्क आणि सहकाऱ्यांनी ४० बाळांचा आठव्या महिन्यापासून विसाव्या महिन्यापर्यंत मागोवा घेतला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खुणा शिकलेल्या मुलांची भाषा इतरांपेक्षा पुढे गेलेली दिसली नाही. पण त्यांच्या आया बाळाच्या मनात काय चाललंय, याकडे अधिक लक्ष देऊ लागल्या होत्या. हा लाभ काही लहान नव्हे.

इथे एक इशारा द्यायला हवा. 'खुणा करतो ना, म्हणून बोलत नसेल' अशी समजूत कधीही करून घेऊ नये. बाळ मोठ्या आवाजानं दचकत नसेल, सहा महिन्यांनंतरही हाकेच्या दिशेनं वळत नसेल, वर्षाचं होऊनही 'बाबाबा', 'दादादा' करत नसेल, तर कानांची तपासणी लगेच करून घ्यावी. ही चाचणी नवजात बाळाचीही करता येते. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तिची सोय आहे. भाषेसाठी पहिली वर्षं मोलाची असतात. 'आमच्याकडे मुलगे उशिराच बोलतात' म्हणत ती घालवू नयेत.

कर्णबधिर बाळासाठी खुणांचं मोल वेगळंच. त्याला चार खुणा पुरत नाहीत, पूर्ण भाषा लागते. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतःचं व्याकरण असलेली खरी भाषा आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रानं २०१८ साली तिचा शब्दकोश आणला. २०२१ मध्ये त्यातील शब्दसंख्या १० हजारांवर गेली. श्रवणयंत्र बसवलं तरी ही भाषा शिकायला आडकाठी नाही. आईवडिलांनीही ती शिकली, तर मूल घरातच एकटं पडत नाही.

ऐकू येणाऱ्या बाळाच्या खुणा शब्द येऊ लागले की आपोआप गळून पडतात. तोपर्यंत त्या त्याच्या उपयोगी पडतात आणि आपल्याला त्याच्या हातांकडे बघायची सवय लावतात. खर्च काहीच नाही. लागतो तो थोडा वेळ आणि भरपूर कौतुक.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)